चोकचं बटण

आठवड्याचं पेट्रोल हल्ली चार दिवसांत संपायचं. कोन गावातला त्याचा कारखाना पनवेलहून असा कितीसा लांब? “गाडी म्हातारी झालीय,” उदयसिंह म्हणायचा. कुमुदचा जीव जळायचा. नवऱ्याचे खिसे चाचपून झाले, सदरे हुंगून झाले. शेवटी गाडी घरी ठेवून तो गावाला जाताच तिने गॅरेजवाल्या विठूला घरी बोलावलं. त्याने प्लग काढले; चारही काळेकुट्ट आणि पेट्रोलने ओले. “दोष गाडीचाच हाय, वैनी. चोकचं बटण ओढलेलंच राहतंय, म्हणून पेट्रोल जास्त पितेय, ओव्हरफ्लो होतेय.” महिनाभर उगाच संशय घेतला, याची कुमुदला लाज वाटली. “आता तेवढी पर्स बटणाला अडकवू नका,” विठू हसला. “वजनानं बाहेर येतंय.” डॅशबोर्डवरच्या त्या बटणाला पर्सच्या पट्ट्याचं लाल रेक्झीन चिकटलं होतं. “माझीच मेली सवय!” कुमुद चटकन म्हणाली, आणि हातातली कापडी पिशवी पदराआड नेली. पर्स तिने जन्मात वापरली नव्हती.