लाल चिंधीच्या ओळी

“पाटीभर पाला उकळला, आन् निघालं चमचाभर. एवढ्यात तं माही वेणीबी भिजत नाई,” भागीरथा चुलीशी पुटपुटली. सरांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

कमलाकर सरांनी ते ऐकून सोडून दिलं. कुकरला जोडलेल्या तांब्याच्या नळीतून तेलाचे थेंब पडत होते, आणि थेंब पडत असताना ते कुणाशी बोलत नसत. तसं बोलायला त्या घरात होतं तरी कोण? बायकोला, जयाबाईंना, जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. भागीरथा तेवढी सकाळ-संध्याकाळ कामाला यायची, तीही जयाबाईंच्याच काळापासूनची.

ज्यांचा पाला उकळत होता, ती अंगणातली सरूची दोन झाडं जयाबाईंच्या माहेरची. डेहराडूनहून लग्न होऊन येताना त्यांनी दोन रोपं आणली होती आणि सरूच्याच लाकडाची एक पेटी. यवतमाळच्या उन्हात ही रोपं जगायची नाहीत, असं सगळे म्हणाले. झाडं घराच्या वर गेली. जगल्या नाहीत त्या जयाबाई.

त्यांच्या मागे सरांनी सहा महिने पेपरसुद्धा उघडला नव्हता. मग एक दिवस पेटी उघडली. आतली शाल तीस वर्षांची, पण कसरीनं एक धागा कुरतडला नव्हता. सर बसून सरूच्या लाकडाचा वास घेत राहिले. आधी बायकोची आठवण आली, आणि मग, वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेला, म्हणून एक विचार आला. कसर पतंगाचं पोर, बोंडअळीही पतंगाचंच पोर. एकीला जे सोसत नाही, ते दुसरीला कसं सोसेल?

ती वर्षं कापसाला वाईट होती. हिरवी अळी औषध पिऊन बाळसं धरते, असं लोक म्हणत. सरांनी यवतमाळलगतच्या लोहाऱ्यातल्या आपल्या घराच्या बाजूच्या अर्ध्या एकरात कापूस लावला. वीस ओळी. दहा ओळींवर साबणाच्या पाण्यातून सरूचं तेल, दहा ओळींवर नुसतं साबणाचं पाणी. तेलाच्या ओळी ओळखू याव्यात म्हणून भागीरथानं त्यांना लाल चिंध्या बांधल्या.

रोज सकाळी आठला सर चष्मा पुसून वावरात उतरत आणि झाडागणिक अळ्या मोजून वहीत लिहीत. साध्या ओळीत झाडाला चार, पाच. लाल चिंधीच्या ओळीत एखादी, कधी तीही नाही. दुसरा हंगाम चालू होता आणि आकडे हलत नव्हते. मागच्या भादव्यात तेवढे दहा दिवस लाल ओळीतही अळी वाढली होती. भागीरथा तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला झरीला गेली होती. सरांनी वहीत लिहिलं, ‘ढगाळ हवामान’.

सरांचं बारीक लक्ष असे. भागीरथाच्या लुगड्याचा काठ रोज दवानं ओला असे. आडवाटेनं येत असेल, असं ते धरून चालले. विहिरीपाशी तिचा घासलेटचा डबा असे, त्यावरून ते तिला रागे भरत. तेलाला वास लागेल. ती डबा हातभर सरकवायची आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच.

त्या सकाळी चूल विझवून झाल्यावर समोरच्या गॅरेजातले मोहिउद्दीनभाई गळक्या नळीला डाग द्यायला आले. त्यांचं गॅरेज पहाटे, फजरच्या नमाजानंतर लगेच उघडायचं. तिथून सरांचं सगळं वावर दिसे. पाठोपाठ शेजारच्या वावराचा किसनसिंग आला. हातात रिकामी कॅन.

“सर, दोन साल झाले पाहून राह्यलो. तुमच्या लाल ओळीले अळी शिवत नाई. मले तेल द्या.”

“किती जागेवर मारतोस?”

“सहाच्या सहा एकर. दुकानातलं औषध यंदा आणतच नाई.”

सर उठले. दोन वर्षांत एवढ्या चपळाईनं ते उठले नव्हते. कपाटातून एकेक बाटली काढून त्यांनी पेटीवर मांडली. तेरा बाटल्या, प्रत्येकीवर तिरप्या अक्षरात तारीख. “पैसे नकोत,” ते म्हणाले. “फक्त रोज सकाळी मोजायचं. मी येईन मोजायला. भागीरथा, चहा टाक.”

चहा टाकला गेला नाही. भागीरथा बाटल्या आणि कॅन यांच्या मध्ये येऊन उभी होती.

“ते देऊ नोका, सर.”

“काहून?” सर हसून तिच्याच बोलीत म्हणाले. “माझे आकडे खोटे आहेत का?”

“आकडे खरे हायेत.”

किसनसिंग दोघांकडे बघत राहिला. मोहिउद्दीनभाई मात्र नळीचं एकच टोक पुसत होते, केव्हाचं लख्ख झालेलं. वर न बघताच ते म्हणाले, “बोल दे, बाई. छह एकर का सवाल है.”

भागीरथानं ओला काठ मुठीत धरला. सरांकडे बघणं तिला जमलं नाही. पेटीकडे बघत ती म्हणाली, “तेलानं एक अळी मेली नाई, सर. पयल्या दिवशी तुमच्या आधी येऊन मीच लाल ओळीतल्या वेचल्या आन् घासलेटात टाकल्या. मोजताना कमी भरल्या. बाई गेल्यापासून त्या दिवशी तुम्ही पयल्यांदा पोटभर जेवले. मंग मी रोजच वेचून राह्यली.”