माफी नव्हे

“खोडा तो शब्द!” गेनोवेफाबाईंनी काठी फरशीवर आपटली. “इंग्रजी मला येत नाही, पण एवढं वाचता येतं. पार्डन! ट्राममध्ये कुणाच्या पायावर पाय पडला की म्हणतात, तेच ना हे?”

निकालाचं इंग्रजी भाषांतर घेऊन आलेला कोर्टाचा अनुवादक राडोस्वाव, कालचं पोरगं, पार गडबडला. पोलिश निकालात शब्द होता ‘न्येवाझ्नी’. म्हणजे बाईंची जुनी शिक्षा मुळातूनच रद्दबातल, झालीच नाही असं समजा. “अर्थ थोडा जवळचाच आहे...” तो पुटपुटला.

“त्यांना कशाला दटावतेस? मीच सांगितलं,” किंगा म्हणाली. आईला कायमचं घेऊन जायला लेक टोरांटोहून व्रोत्सवाफला आली होती. “तिकडच्या व्हिसाच्या अर्जात शिक्षा आणि माफी असे सरळ रकाने आहेत. दुसरं काही लिहिलं की बसा चौकशीच्या घोळात. तोवर तू इथे एकटी? परवाच जिन्यात पडलीस ना!”

“पडले तर पडले! माफी गुन्हेगाराला असते. मी तेव्हाच्या सरकारविरुद्ध पत्रकं छापली. गुन्हा मला आत टाकणाऱ्यांनी केला, आणि आता कोर्टच तसं म्हणतंय. तुरुंगातसुद्धा आला होता एक साहेब. माफीच्या अर्जावर सही कर म्हणे, नाताळला घरी जा. त्याच्याच पेनानं फुली मारली मी त्या कागदावर.”

“ठाऊक आहे मला!” किंगाचा आवाज चढला. “पाच वर्षांची होते मी. मावशीकडे नाताळच्या जेवणात रीतीप्रमाणे अवचित येणाऱ्या पाहुण्याचं रिकामं ताट मांडलं होतं. ते तुझंच समजून रात्रभर त्याच्यापाशी बसले. कुणाला उचलू दिलं नाही.”

बाईंना हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. काठी बाजूला ठेवून त्या लेकीसमोर बसल्या. राडोस्वाव उगाच कागद सारखे करत राहिला.

“किंगा,” त्या म्हणाल्या, “तुझ्यासाठी जी माफी मागितली नाही, ती आता व्हिसासाठी मागू? मग तेव्हा तुला रडवलं कशाला मी?”

किंगानं डोळे पुसले, तेही रागारागानंच. मग ती अनुवादकाकडे वळली.

“रद्दबातल लिहा, साहेब. करायची तेवढी चौकशी करू देत त्यांना. माझं ते ताट मी फुकट नाही जाऊ द्यायची.”