उकिरड्यावरची रेंज

"आक्का, उतर खाली. साहेब फाट्यावर उतरलेत."

"न्हाई उतरत."

साखराबाई उकिरड्याच्या शेंड्यावर पोतं अंथरून बसली होती. मोबाईल हातात, डोळे मोबाईलवर. खाली सरपंच गुरुबसप्पा इस्त्रीचा सदरा घालून घाम पुसत होते. त्यांच्या मागं लालमहंमदचा ट्रॅक्टर धूर सोडत उभा होता. तासाभरात हा उकिरडा हलवायचा होता, आणि उकिरड्यावर बाई ठाण मांडून बसलेली.

आता हे गाव कुठं, तर देगलूरच्या पुढं. फाट्यावर एसटी सोडायची, चार किलोमीटर चालायचं, ओढा पार करायचा, की टेकड्यांच्या खळग्यात आडगेवाडी. कागदोपत्री गावात फोर-जी आहे. खरं म्हणजे आहेच, पण एकाच जागी: साखराबाईच्या उकिरड्याच्या शेंड्यावर. लोक देवळाच्या शिखरावर चढले, पाण्याच्या टाकीवर चढले. तिथं मोबाईल 'तेलंगणात आपले स्वागत आहे' एवढंच म्हणतो आणि गप्प होतो. का, ते मला विचारू नका. कंपनीच्या माणसालाही सांगता आलं नाही.

दर उन्हाळ्यात गावातलं शेणखत गाड्या भरभरून शेतात जातं. साखराबाईचं मात्र तीन वर्षं गेलेलं नाही. गावानं जाऊच दिलं नाही. उलट पंचायतीनं नियम केला, ज्याला फोन करायचा त्यानं एक पाटी शेण टाकायचं. पावसात ढीग खचला की रेंज जायची, मग काय करता! सोयरिकी तिथंच जुळल्या. रेशनच्या मशिनला अंगठे तिथंच लागले. बारावीचे निकालही पोरांनी तिथंच नाक धरून पाहिले. बघता बघता ढीग दीड पुरुष उंच झाला.

आणि आज साहेब स्वच्छ गावाची तपासणी करायला येत होते. गावात एकही उकिरडा दिसला नाही तर पुरस्कार, आणि पुरस्कार मिळाला तर ओढ्यावर पूल.

"आप्पा, माझ्या तनुजाला आत नेलंय," साखराबाई वरून म्हणाली. "लातूरच्या दवाखान्यात. अडलीय म्हणं, पोट फाडून राहिले. जावई म्हणले, झालं की फोन करतो. मी खाली आले तर फोन कुठं यायचा?"

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. साखराबाईनं नवी बाज विणून घेतली होती, डिंक आणून ठेवला होता. पण ओढ्यातून गाडी येत नाही. अडली तर हिला बाजेवर घालून नेणार का, असं जावई म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. बाज रिकामीच राहिली. स्वतः लातूरला जावं, तर कालपर्यंत ओढ्याला पूर.

गुरुबसप्पांनी हात जोडले. "आक्का, आज पुरस्कार गेला की पूल गेला. मग पुढच्या खेपंलाबी लेक तिकडंच बाळंत होईल बघ."

साखराबाईनं मोबाईलकडं एकदा पाहिलं. पदरानं डोळे पुसले, पोतं झटकलं आणि उतरली.

ट्रॅक्टरनं चार खेपांत ढीग माळावर नेऊन टाकला. बायांनी जागा सारवली, वर रांगोळी काढली. साहेब आले. तरुण माणूस, बूट हातात, पँट ओली. सारं गाव फिरून त्यांनी मान डोलावली, रांगोळीचा फोटो काढला आणि बटण दाबलं. मोबाईलवरचं चक्र फिरतच राहिलं.

"इथं रेंज नाही का?"

"होती की, साहेब," लालमहंमद म्हणाला. "आत्ताच गेली. ट्रॉलीतून."

साहेबांचा चेहरा उतरला. फोटो जागेवरूनच पाठवायचा होता, पाचच्या आत. न पाठवला तर गाव बाद. मग बैलगाडी आणली, गाडीवर टेबल ठेवलं, टेबलावर साहेबांना चढवलं. मोबाईलनं त्यांचं तेलंगणात स्वागत केलं. टेबल डुगडुगलं तसे साहेब घाईनं उतरले.

साखराबाई रांगोळीच्या कडेला बसून मुका मोबाईल कपाळाला लावत होती. "जावई लावून लावून थकला असंल. माझी लेक जित्ती हाय का, तेवढं तरी सांगा रे कुणीतरी!"

तिच्याकडं बघायचीसुद्धा कुणाची हिंमत होईना.

साडेचारला साहेब सरपंचांच्या कानाशी लागले. "तो ढीग... जरा परत आणता येईल का? पाच मिनिटांपुरता."

अहो, अख्खं गाव धावलं! ट्रॉल्या रांगोळीवर उलटल्या. बायापोरांनी पाट्या भरभरून वर ओतल्या. साहेब पँट दुमडून चढले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. दुसऱ्याचा भार त्या भुसभुशीत ढिगाला पेलणारा नव्हता.

"साहेब, माझाबी धरा वर!" साखराबाईनं टाचा उंचावून आपला मोबाईल त्यांच्या हातात दिला. एका हातात गावाचा पूल, दुसऱ्या हातात हिची लेक. साहेबांनी दोन्ही हात आभाळाकडं केले आणि तसेच उभे राहिले.

साखराबाईचा मोबाईल वाजला. साहेबांनी कानाला लावला, ऐकलं, आणि केवढ्यानं ओरडले, "आजी, मुलगी झाली! दोघी ठणठणीत आहेत!"

साखराबाई मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, तिलाच कळेना. तेवढ्यात दुसरा मोबाईल टुणकन वाजला. साहेबांनी आवाज साफ केला आणि उकिरड्यावरूनच वाचून दाखवलं, "फोटो मिळाला. गावात एकही उकिरडा नाही. अभिनंदन."

टाळ्या झाल्या. साहेब कसेबसे खाली आले. साखराबाईनं डोळे पुसले, उठली आणि त्यांच्या हातात रिकामी पाटी दिली.

"माझ्या फोनाचं शेण मी टाकते, साहेब. तुमच्या फोनाचं तुम्ही टाका."