काढलेला प्लग

श्रावणच्या लेकीला दवाखान्यात नेलं तेव्हाच सगळं संपलेलं होतं. सारे परतले तर टेबलावरची विलायती आगगाडी गोल फिरतच होती. नागपूर सोडताना गोऱ्या साहेबाने ती श्रावण वायरमनला दिली होती. सोबत दोन ट्रान्सफॉर्मर होते, एक रुळांसाठी, दुसरा गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांसाठी. गाडी चढावर अडायची, म्हणून त्याने दोन्हींच्या तारा रुळांनाच जोडल्या. आज त्याने एकाचा प्लग भिंतीतून काढून खाली टाकला. दुसरा चालूच होता. त्याची वीज रुळांतून पहिल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी येऊन, तिथे पुन्हा घरच्या विजेइतकी वाढून काढलेल्या प्लगच्या पितळी पिनांत उभी होती. लेकीने तो उचलला. “यायची काय चूक जी?” श्रावणची बायको त्याच्याकडे बोट दाखवून शेजाऱ्यांना सांगत होती. “प्लग यायनं माह्यासमोर काढला होता. हा पाहा.” ती वाकली. “हात नको लावू वं, त्याच्यात करंट आहे!” श्रावण ओरडला. तिचा हात तसाच थांबला. “तुमाले मालूम होतं?”