गाडीची उंची

"मी एक इंच सांगितलं होतं, जालिंदर."

गाडीला हात न लावताच तिप्पण्णा म्हणाला. दुरून बघूनच त्याला कळलं होतं. लडाख आणि कन्याकुमारी बघून आलेली त्याची मोटारसायकल गॅरेजच्या दारात बसकण मारल्यासारखी उभी होती. पुढचा फोर्क वर सरकवून तोंड खाली आणलेलं, मागचं सस्पेन्शन दाबून बसवलेलं. तिच्या अंगातली सगळी ऐट कुणीतरी काढून घेतली होती.

जालिंदर नुसता हात पुसत राहिला.

गाडी टाकताना तिप्पण्णानं कारण सांगितलं होतं, की वळणावर डोलतेय, जरा खाली घेतली तर हाताळायला बरी पडेल. खाली घेतलेली गाडी वळणावर उलट रस्त्याला घासते, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी जालिंदरनं मान डोलावली होती. सात रस्त्याच्या सिग्नलला तिप्पण्णा उभ्या गाडीसकट आडवा झाला, हे त्यानंही ऐकलं असणार. सोलापूर काही एवढं मोठं नाही.

तिप्पण्णाच्या पायांतलं मांस वाळत चाललं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, औषध मात्र सांगितलं नाही. आधी पाय जातील, मग हात, एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिप्पण्णा एकटाच गेला होता. घरी येऊन बायकोला, दानेश्वरीला, म्हणाला, "कमरेची शीर दबलीय. होईल कमी." तिनं पुढं काही विचारलं नाही. त्याला बरंच वाटलं.

त्यानं आता गाडीवर पाय टाकला. टाकला म्हणजे पँट धरून हातानंच पलीकडं ओढला. दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले, गुडघेसुद्धा वाकले. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं गाडी स्टँडवरून सरळ केली. डावा पाय थरथरला आणि ओल्या मातीच्या भिंतीसारखा खाली बसला.

जालिंदरनं झेप घालून हँडल धरलं. दुसऱ्या हातानं तिप्पण्णाला सावरलं.

"अजून खाली घे."

"ह्याच्या खाली जागाच न्हाय, अण्णा."

"काहीतरी कर की."

जालिंदरनं गाडी स्टँडला लावली आणि त्याला धरून जुन्या टायरवर बसवलं. तिप्पण्णा बसून राहिला. उंचीनं काही अडलं नव्हतं, कधीच अडलं नव्हतं. आज खोटं बोलायलासुद्धा काही उरलं नव्हतं. विजापूर रोडवरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, पोरं मागं पळत जाऊन ऊस ओढत होती. एवढ्या साध्या गोष्टी माणसं किती सहज करतात, हे तो बघत बसला.

मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली. तिचा फोम कापून जवळजवळ अर्धा केला होता. तिच्या मागं लोखंडी टेकण वेल्डिंग करून घेतलं होतं, आणि टेकणाला एक रुंद पट्टा होता.

"हे कुणी सांगितलं तुला? सामान बांधायला?"

जालिंदरनं खाली बघितलं. "वैनींनी माप दिलं. वैनी शिकल्यात, अण्णा. माझ्याच जुन्या गाडीवर. माळावर येत हुत्या रोज सकाळी."

रोज सकाळी ती देवळात जाते म्हणून निघायची. म्हणजे बायको आणि मेकॅनिकनं मिळून तिप्पण्णाची गाडी तो जिवंत असतानाच वाटून घेतली होती. उद्या ती टेकणाला सामान बांधून भुर्रकन निघून जाईल, आणि तो जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीतून बघेल.

रिक्षा थांबली. दानेश्वरी उतरली. तिच्या हातात हेल्मेट होतं.

"घे," तिप्पण्णा बसूनच म्हणाला. "तुझ्या मापाची झालीय. घेऊन जा."

ती गाडीजवळ गेली, मागच्या सीटवर तळहात दाबून बघितला, पट्टा ओढून बघितला. दानेश्वरी त्याच्यापेक्षा चार बोटं उंच होती. लग्नातल्या फोटोत फोटोवाल्यानं तिला खालच्या पायरीवर उभं केलं होतं. तिप्पण्णाला तो फोटो आत्ता आठवला.

"तुझे पाय तर तशेच पोचले असते की," तो म्हणाला. "मग गाडीचं एवढं वाटोळं कशाला केलंस?"

दानेश्वरी त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याचा डावा पाय तिनं हातात घेतला, चपलेतून सुटलेला अंगठा आत सरकवला. जालिंदर उगाच पाने शोधायला आत गेला.

"पुण्याच्या डॉक्टरांना मी पण भेटून आले," ती म्हणाली. "चार महिने झाले."

तिप्पण्णाला तिच्याकडं बघवेना.

"माझ्या पायाचं माप न्हाय ते," ती म्हणाली. "तुमचे पाय पुरते गेल्यावर, काखेत हात घालून एकटीला तुमाला जिथवर उचलता येतंय, तिथवर मागची सीट खाली आणलीय."