बॉनेटवरची काडतुसं

बंदुकीचा घोडा पडला, खट् झालं, आणि नळीतून ओल्या लाकडाच्या चुलीसारखा थोडा धूर तेवढा बाहेर आला.

बाळारामने बंदूक तशीच आभाळाकडे धरून ठेवली. कधी कधी बार उशिरा उडतो. अंजूरच्या गावदेवीची पालखी उचलायला माणसं वाकून उभी होती, ढोलवाल्यांनी टिपऱ्या उगारून धरल्या होत्या. बाळारामच्या घरचा बार झाल्याशिवाय पालखी हलायची नाही, ही त्याच्या आज्यापासूनची रीत. त्याने दुसरं काडतूस घातलं. पुन्हा खट्, पुन्हा फुस्स. तिसरं तर खटच्या पुढे गेलंच नाही.

"आरं बाळाराम, जागा गोडाऊनला दिलीस तशी बंदूक पन भाड्यानं दिलीस काय?" दौलत ओरडला. हा मान आपल्या घरात यावा म्हणून दौलत कधीचा टपून होता.

सगळा गाव खदखदून हसला. भिवंडीहून आलेला गोडाऊनवाला पाहुणा तर मोबाईलचा कॅमेरा वर धरून हसत होता. त्याच्यापुढे मिरवायला म्हणून तर बाळारामने यंदा काडतुसं आरशासारखी लखलखीत केली होती.

बार का उडाला नाही, हे बाळारामला पक्कं ठाऊक होतं. पितळेची ही रिकामी काडतुसं दरवर्षी घरीच चिंचेने घासायची, सुपात आडवी टाकून दोन दिवस उन्हात ठेवायची, मग काडीला चिंधी गुंडाळून आतून फिरवायची. चिंधी कोरडी निघाली तरच दारू भरायची. आणि हे सगळं घरच्या कर्त्या पुरुषाने करायचं, उपाशीपोटी. बाईने हात लावायचा नाही. यंदा कर्ता पुरुष गोडाऊनच्या व्यवहारामागे धावत होता. आज सकाळी त्याने घाईघाईने काडतुसं चिंचेच्या पाण्याने धुतली आणि नव्याकोऱ्या काळ्या गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर पालथी मांडून दिली. वरून हाताला चटका बसला, तेव्हा वाळली म्हणाला. चिंधी फिरवायला सवड कुणाला होती?

चुकलं म्हणाला असता, तर लोक आणखी घटकाभर हसले असते आणि विषय मिटला असता. पण समोर दौलतचे दात दिसत होते.

"हिनं हात लावला!" बाळाराम ओरडला. "भांड्यांसंगं भिजवली काडतुसं. किती येळा सांगितलं, ऐकत न्हाय!"

त्याची बायको तुळजा देवीच्या ओटीचं ताट घेऊन देवळाच्या पायरीवर उभी होती. हसू एकदम थांबलं. हसत होते तेच बरं होतं, असं बाळारामला वाटलं.

गावची जाणती बायजाबाई पुढे झाली आणि तिने तुळजाच्या हातातलं ताट काढून घेतलं. "तू खाली उभी ऱ्हा गो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता; उष्ट्या हाताच्या पोराला देवापासून बाजूला करावं तसं तिने तिला बाजूला केलं. बाकीच्या बायकांनी पदर आवरून वाट दिली.

तुळजाने एकदाच नवऱ्याकडे पाहिलं. आता ही बोलणार, अशी त्याला धास्ती वाटली. बोलून टाकलं तर सुटेन, असंही वाटलं. ती पायऱ्या उतरली आणि घराकडे चालू लागली.

मग दौलतच्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली आणि पालखी उठली.

वड्याचं तेल वांग्यावर काढून बाळाराम घरी आला तेव्हा त्याची आई, आक्का, ओटीवर बसली होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"तुज्या बापाचा पन एकदा बार गेला व्हता फुकट," आक्का म्हणाली. "त्यानं देवीपुढं नाक घासलं. सोताचं घासलं."

बाळारामला मान वर करवेना.

अंगणाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून गाडी उभी होती. तुळजा ओल्या फडक्याने बॉनेट पुसत होती. काळ्या रंगावर चिंचेच्या पाण्याच्या गोल गोल कड्या उमटल्या होत्या, जिथे जिथे काडतूस पालथं ठेवलं होतं तिथे तिथे एक. आंधळ्यालाही कळलं असतं.

"ऱ्हाऊ दे," तो कसाबसा म्हणाला.

"पालखी याच वाटंनं येल. दौलतभावजींची नजर बारीक हाय."

"तुळजे, चुकलं माजं."

"ते मला ठावं हाय," ती पुसता पुसता म्हणाली. "गावाला न्हाय."

ढोल जवळ येऊ लागले. पालखी दारात आली की ती वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचा मान तुळजाचा. तिने फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले आणि ती घराकडे वळली.

"पुढल्या वर्षी काडतुसं मीच वाळवीन," ती म्हणाली. "माजा हात तर लागलाच हाय."

आत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

पालखी वळणावर दिसली. सगळ्यांत पुढे दौलत होता. एक कडी अजून निघाली नव्हती. बाळाराम तिच्यावर तळहात दाबून उभा राहिला. चैत्राच्या उन्हात बॉनेट चांगलंच तापलं होतं, तरी त्याने हात उचलला नाही.