सोनीचा खळगा

जीपमधून उतरलेल्या साहेबानं डोंगरमाथ्याच्या उघड्या सड्यावरचा तांबडा दगड उचलला, हातात तोलला आणि रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. आमची जनावरंसुद्धा त्या दगडाला हुंगत नाहीत.

“मावशी, ह्या ओढ्याचं नाव काय?”

मी खोटं नाव सांगितलं. पलीकडच्या टेकाडाचंही खोटंच ठोकून दिलं. बॉक्साइटच्या खाणीनं शेजारचा डोंगर कसा गिळला, ते मी बघितलंय. नावं चुकली की कागद चुकतील, मग बसा म्हणावं आमचा डोंगर शोधत!

साहेब हसला. जीपवर नकाशा पसरून त्यानं बोट फिरवलं. “मावशी, आमच्याकडं खरी नावं आहेत. हा वाघझरा, हे घारटेकाड आणि हा सोनीचा खळगा.”

सोनी म्हणजे आमची रेडी. बिबट्यानं मारल्यावर मी आणि माझ्या लेकानं तिला तिथं पुरलं. त्या जागेला हे नाव लेकानंच ठेवलं. आम्हा दोघांशिवाय ते कुणाला ठाऊक नव्हतं.

शहरात नोकरी लागली म्हणून गेल्या महिन्यात त्यानं पेढे पाठवले. मी ते अख्ख्या वाडीला वाटले. कसली नोकरी, ते कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा.